दोन्हीकडे फिरणारी रिंग

बाईंनी काउंटरवर ठेवलेल्या घड्याळात पाणी हलत होतं. काचेच्या आत. घड्याळ तिरकं केलं की थेंब तीनच्या आकड्याकडून नऊकडे जायचा, सरळ केलं की सहापाशी येऊन बसायचा.

"शेट्येभाऊ, हे चालू होईल?"

"बाई, आता यात मासे सोडा," हे अगदी ओठांवर आलं होतं. पण शमीमबाई माझ्या धाकटीच्या वर्गशिक्षिका, आणि त्यांचा चेहरा काही थट्टेचा नव्हता. मी गप्प बसून मागचं झाकण उघडलं. आतली मशीन गंजून तपकिरी झाली होती. चाकं एकमेकांना चिकटली होती. खारं पाणी आत गेलं आणि आठ दिवस तसंच राहिलं की घड्याळाचं काय होतं, ते कोकणातल्या घड्याळवाल्याला पुस्तकात वाचावं लागत नाही.

"नाही होणार," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. बहुतेक त्यांना ते माहीतच होतं. फक्त कोणी जाणत्यानं सांगायला हवं होतं.

ही दोन हजार तीनच्या सुमाराची गोष्ट. रत्नागिरीत राम आळीत माझं घड्याळांच्या विक्रीचं आणि दुरुस्तीचं दुकान. धंद्यात तेव्हा वीस वर्षं झाली होती आणि घड्याळातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा ठाम समज होता. तो कसा मोडला, तेच सांगायला बसलोय.

घड्याळ बाईंच्या सासऱ्यांचं. ते जहाजावर खलाशी होते. कुठल्याशा बंदरात घेतलेलं हे डायव्हिंग वॉच त्यांनी जन्मभर वापरलं आणि शेवटच्या आजारपणात मुलाच्या हातात बांधलं. मुलगा म्हणजे बाईंचे यजमान, सलीम. ते पाणबुडे. ट्रॉलरच्या पंख्यात जाळं अडकलं की खाली जाऊन कापायचं, जेट्टीचे खांब पाण्याखालून तपासायचे, असली कामं करायचे. अब्बांचं घड्याळ वॉटरप्रूफ आहे, या भरवशावर ते त्यांनी पाण्यात नेलं.

वॉटरप्रूफ हा शब्द म्हणजे आमच्या धंद्याला लागलेली साडेसाती आहे. घड्याळात पाणी जाऊ देत नाहीत ते तीन-चार बारीक रबरी वॉशर. एक काचेखाली, एक झाकणाखाली, एक चावीच्या दांडीवर. आम्ही त्यांना गॅस्केट म्हणतो. रबर ते रबर. काही वर्षांनी कडक होतं, चिरतं. घड्याळाच्या पाठीवरची अक्षरं मात्र तशीच राहतात, आणि माणूस अक्षरांवर विश्वास ठेवतो.

"ते म्हणतात, गेलं ते गेलं," बाई म्हणाल्या. "पण रोज ड्रॉवर उघडून बघतात. सोमवारपासून त्यांना अंजनवेलला काम लागलंय, सहा महिन्यांचं. हातात जत्रेतलं प्लॅस्टिकचं घड्याळ आहे, त्याचा दिवासुद्धा लागत नाही. मला त्यांना न सांगता नवीन घ्यायचंय. दिसायला अगदी अब्बांच्यासारखं हवं. पण आतून नवं."

"म्हणजे घर जुन्या वळणाचं आणि वायरिंग नवीन."

"हां, तसंच. आणि सात हजारांच्या आत."

तेव्हा जुन्या वळणाची नवी घड्याळं नुकती बाजारात येऊ लागली होती. लोकांना आजोबांचं घड्याळ हवं असतं पण त्याची दुखणी नको असतात, हे कंपन्यांना कळलं होतं. मी आधी एक कॅटलॉग काढला. त्यातलं एक स्विस घड्याळ सासऱ्यांच्या घड्याळाचं जुळं भावंड शोभलं असतं. बाईंनी किंमत वाचली आणि कॅटलॉग दोन्ही हातांनी मिटला.

मग शोकेसमधलं एक बघून त्या एकदम म्हणाल्या, "हे! हे तर हुबेहूब आहे."

होतं खरं. काळी डायल, जाडे गोल ठिपके, भोवती काळी रिंग, आणि बजेटच्या निम्म्याहून कमी. मी ते उलटं करून पाठ दाखवली. तीस मीटर.

"तीस मीटर म्हणजे शंभर फूट ना? ते तर दहा मीटरच्या खाली जातच नाहीत."

"बाई, हे तीस मीटर कारखान्यातले. तिथे पाणी हलत नाही, घड्याळ हलत नाही, सगळं शांत. माणूस पाण्यात उडी मारतो, हात मारतो, खांबावर आपटतो. तीस लिहिलं असेल तर हात धुवा. पन्नास असेल तर सांभाळून अंघोळ करा. शंभरवर पोहा. आणि रोज खाली जाऊन काम करायचं असेल तर दोनशे पाहिजे."

"मग तसं सरळ लिहीत का नाहीत?"

"लिहिलं तर विकणार कोण?"

बाई हसल्या. त्यांनी ते घड्याळ स्वतःच शोकेसमध्ये परत ठेवलं, जरा नाइलाजानं.

तिसरं मी आतून आणलं. जपानी ऑटोमॅटिक, दोनशे मीटरचं. ऑटोमॅटिक म्हणजे सेल नाही, हाताच्या हालचालीनं चावी भरते. पाणबुड्यासाठी याचा एक फायदा असतो. सेल बदलायला दर दोन वर्षांनी झाकण उघडावं लागत नाही, आणि झाकण जितक्या कमी वेळा उघडेल तितकं बरं. चावी बाटलीच्या बुचासारखी आटे फिरवून घट्ट बसणारी. काच जाड. अंधारात चमकणारे ठिपके मोठे आणि किंचित पिवळसर, जुन्या घड्याळासारखे. लोक त्याला अजून रेडियम म्हणतात. खरं तर आता तो उजेड पिऊन ठेवणारा साधा रंग असतो. पट्टा रबरी आणि लांब, पाण्यातल्या सूटच्या बाहीवरून बांधता येईल असा.

बाईंनी दोन्ही घड्याळं शेजारी शेजारी ठेवली. मेलेलं आणि नवं. बराच वेळ बघितलं.

"अब्बांच्या घड्याळाची चावी तीनवर होती. याची चारवर आहे."

"मनगट वाकवलं की रुतत नाही म्हणून."

"असू दे. एवढा फरक अब्बांनी माफ केला असता."

घड्याळ ठरलं. मी म्हटलं, "उद्या घेऊन जा. जरा तयार करून ठेवतो."

हे 'जरा तयार करून ठेवतो' म्हणजे काय, ते आता सांगावं लागेल. तिथेच माती खाल्ली मी.

डायव्हिंग वॉचच्या काचेभोवती एक फिरणारी रिंग असते. तिच्यावर साठ मिनिटांच्या खुणा आणि एक त्रिकोण. आता रत्नागिरीत असलं घड्याळ पाण्यात जायला कोणी घेत नाही. इथे घराआड एक माणूस आखातात. भाऊ दुबईला, मुलगा अबुधाबीला. घरातल्या माणसाला सारखं वाटतं, आता तिकडे किती वाजले असतील? उठला असेल का? ड्युटीवर असेल का? दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. तर मी गिऱ्हाइकांना एक युक्ती शिकवली होती. रिंगवरचा त्रिकोण एक आणि दोनच्या बरोबर मध्ये आणायचा, त्याला बारा समजायचं, आणि तासकाटा रिंगवर कुठे येतो ते बघायचं. झाली दुबईची वेळ. घड्याळ एक, वेळा दोन. ही युक्ती मिरकरवाड्यापासून मंडणगडपर्यंत पसरली आणि रिंगवाली घड्याळं माझ्याकडून जितकी खपली तितकी जिल्ह्यात कोणाकडून खपली नसतील.

पण तक्रार एकच यायची. "शेट्ये, रिंग अडते हो."

अडायची खरी. ती फक्त डावीकडे फिरते, उजवीकडे फिरतच नाही. आणि दुबईसाठी ती उजवीकडेच फिरवावी लागते, नाहीतर उलटा सगळा फेरा मारा. शिवाय ती एकेक मिनिटानं कट कट करत सरकते आणि दीड तास येतो साडेसात मिनिटांवर, म्हणजे दोन कटांच्या मध्ये. तिथे ती थांबायलाच तयार नाही. एकदा मी रिंग पातीनं उचकटून बघितली. खाली एक पातळ स्प्रिंग. तिचं टोक रिंगच्या दात्यांत अडकतं. मी ती काढून टाकली, नवं गॅस्केट घातलं, रिंग परत दाबून बसवली. लोण्यासारखी फिरायला लागली, दोन्हीकडे, हवी तिथे थांबणारी. गिऱ्हाईक खूष. मग मी प्रत्येकच घड्याळाची काढायला लागलो. गावात बोललं जायचं, घड्याळ कुठूनही घ्या, पण रिंग शेट्येंकडून सुटी करून घ्या. काढलेल्या स्प्रिंगा मी फिल्मच्या रोलच्या डबीत टाकायचो. कशाला ठेवत होतो कोण जाणे. कोकणातला माणूस काही टाकत नाही, एवढंच.

बाईंच्या घड्याळाची रिंगही मी सुटी केली. न विचारता. इतकं चांगलं गिऱ्हाईक, त्यांना अडणारी रिंग कशी द्यायची?

दुसऱ्या दिवशी बाईंनी ती फिरवून बघितली. "किती मऊ फिरते!"

"आमची स्पेशालिटी," मी म्हटलं.

त्यानंतर दहाएक दिवसांनी सकाळी मुंबईहून मेहताशेठचा फोन आला. शेठ पार्ट्सचे व्यापारी. मी तरुणपणी चार वर्षं त्यांच्या हाताखाली काम शिकलो. पार्ट्स अजून त्यांच्याकडूनच मागवायचो.

"विलास, तुझी ऑर्डर बघतोय. रिंगखालची गॅस्केट, परत डझनभर. सगळ्या मुंबईतून मला एवढी कोणी मागत नाही. तू ती तळून खातोस काय?"

मी मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं. दुबईची युक्ती, सुटी रिंग, गावातलं नाव.

"परत सांग. स्प्रिंग काढतोस?"

"हो. म्हणजे मग रिंग दोन्हीकडे..."

"गाढवा, ती दोन्हीकडे फिरू नये म्हणूनच स्प्रिंग आहे!"

शेठचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता, शिकाऊ असताना एक महागडं घड्याळ पाडलं तेव्हासुद्धा.

"ऐक. पाणबुड्या खाली जाताना काय करतो? रिंगवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणतो. काटा पुढे जातो. काटा रिंगवर जिथे असेल तेवढी मिनिटं झाली. पाठीवरच्या टाकीत हवा मोजकी. किती मिनिटांनी वर यायचं ते ठरलेलं. बरोबर?"

"बरोबर."

"आता खाली रिंगला धक्का लागला. दोर घासला, खांब घासला. रिंग डावीकडे सरकली तर?"

मी मनात रिंग फिरवली. "झालेली मिनिटं जास्त दिसतील."

"म्हणजे माणूस लवकर वर येईल. काही बिघडत नाही. आणि उजवीकडे सरकली तर?"

मी मनातली रिंग उजवीकडे फिरवली.

"बोल ना."

"कमी दिसतील."

"म्हणजे माणूस खालीच राहील. हवा संपेपर्यंत. म्हणून ती उजवीकडे फिरत नाही. बनवणाऱ्यांनी अडवून ठेवलीय, आणि तू ती दुरुस्त केलीस." मग शेठच जरा निवळले. "जाऊ दे. तुझ्याकडे कुठले पाणबुडे येतायत? दुबईवालेच ना सगळे?"

"एक दिलंय," मी म्हटलं.

त्यानंतर शेठ काय म्हणाले ते मला आठवत नाही. मी घाबरलो होतो. वीस वर्षांत माझ्या हातून घड्याळं बिघडली होती, काचा फुटल्या होत्या, एकदा तर एका वकिलाचं घड्याळ हरवलंही होतं. माणूस धोक्यात कधी आला नव्हता.

शाळेत फोन केला. बाईंना खरं सांगायची हिंमत झाली नाही. गॅरंटी कार्डावर शिक्का मारायचा राहिलाय, सलीमभाईंना एक गोष्ट विचारायचीय, असं काहीतरी ठोकून दिलं आणि साइटच्या ऑफिसचा नंबर घेतला. कंत्राटदार छोटा होता. ऑफिसात एक क्लार्क.

"सलीम डायव्हर आहेत का?"

"पाण्यात आहेत."

"त्यांना वर बोलवा. ताबडतोब."

"कोण बोलतंय?"

"मी रत्नागिरीहून, घड्याळवाला. त्यांच्या घड्याळाची रिंग सुटी आहे."

"मग?"

"मग म्हणजे... ती दोन्हीकडे फिरते!"

"अहो काका, इथे सकाळपासून क्रेन बंद आहे, साहेब डोकं खातायत, आणि तुमचं काय रिंगचं लावलंय? संध्याकाळी करा फोन." फोन ठेवला.

त्याचं तरी काय चुकलं? तेच वाक्य मी दहा मिनिटांपूर्वी ऐकलं असतं तर मीही फोन ठेवला असता. मी हत्यारांची पिशवी भरली, स्प्रिंगांची डबी घेतली आणि शटर ओढलं. शेजारचा कापडवाला धावत बाहेर आला. दिवसाढवळ्या माझं शटर खाली आलेलं त्यानं कधी बघितलं नव्हतं.

"काय झाला? कोण गेला?"

"अजून कोणी नाही," मी म्हटलं आणि स्कूटरला किक मारली.

रत्नागिरीहून अंजनवेल नकाशात हाताच्या अंतरावर दिसतं. मध्ये खाडी आहे. जयगडला स्कूटर ठेवली. पलीकडे तवसाळला जायची होडी उभी होती, पण तांडेल निवांत. "माणसां भरू देत," म्हणाला. चार बायका टोपल्या घेऊन आल्या, एक मास्तर आले, एक बोकड आला, तेव्हा कुठे होडी हलली. पलीकडून सहा आसनीतून गुहागर, तिथून रिक्षानं अंजनवेल. वाटेत प्रत्येक वळणावर मी मनातल्या मनात रिंग उजवीकडे फिरवत होतो. पाच मिनिटं कमी. दहा मिनिटं कमी. पंधरा.

जेट्टीवर पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. धक्क्याच्या टोकाला एक म्हातारा पाण्यात पाय सोडून बसला होता. एका हातात दोर, एका हातात विडी. गावातलेच मासेमार, धाकूमामा. पाणबुडा खाली असताना वर दोर धरून बसायचं, हे त्यांचं काम.

"सलीमभाई?"

"खाली हाय." त्यांनी विडीनंच पाणी दाखवलं. चहासारखं गढूळ पाणी आणि त्यावर बुडबुडे.

"किती वेळ झाला?"

"दुसरी विडी चाल्लीय."

"म्हणजे किती मिनिटं?"

"मिनटां तुमी बगा. तीन विड्या झाल्या की मी दोर व्हडतो. मंग तो येतो."

मी घड्याळ बघत बसलो. धंद्याची खोड, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंही. मामांची एक विडी आणि नंतरचा विसावा मिळून बारा मिनिटं होत होती. दुसरी विझली. त्यांनी बसल्या बसल्या खाडीकडे बघितलं, खाकरले, तिसरी पेटवली. मी बुडबुडे बघत होतो. ते जरा कमी झाले की मी उठून उभा राहायचो. मामा म्हणाले, "बसा हो. तुमी उभे ऱ्हायलात म्हणून तो लवकर येनार हाय काय?"

तिसरी विडी संपली. मामांनी दोर दोनदा ओढला. खालून दोनदा ओढल्याचा जबाब आला. थोड्या वेळानं पाण्यातून काळं डोकं वर आलं, मग काचेचा मुखवटा, मग शिडीवर हात.

हाताला जत्रेतलं निळं प्लॅस्टिकचं घड्याळ होतं. मोठमोठ्या कंपन्यांची घड्याळं माझ्या हातून गेली आहेत. पण त्या दिवट्या घड्याळाला बघून मला जेवढा आनंद झाला तेवढा कुठल्याच घड्याळाला बघून झाला नाही.

सलीमभाईंनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "शेट्येभाऊ? तुमी हितं? शमीम बरी हाय ना?"

"बऱ्या आहेत. सगळे बरे आहेत. नवीन घड्याळ कुठाय?"

त्यांनी दुसरीकडे बघितलं. "पिशवीत हाय."

"वापरत नाही?"

"पयल्या दिवशी घालून गेलेलो." ते टाकी उतरवत सावकाश बोलत होते. "खाली आपलाच हात आपल्याला दिसत नाय. हवेचा गेज कमरेला, ता पन दिसत नाय. घड्याळाचा रेडियम तेवढा दिसतो. रिंगवर बगितला, एकवीस मिनटां. म्हटला, अजून पंधरा मिनटां काम होईल. तेवढ्यात मामानं दोर व्हडलान. मी परत व्हडून सांगितला, थांब. मामा ऐकनारा नाय. व्हडतच ऱ्हायला. रागानं वर आलो तर टाकीचा काटा लालमध्ये."

"छत्तीस मिनिटं झाली होती," मी म्हटलं. तीन विड्या.

"तुमाला कसा म्हाईत?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "खांब घासताना रिंग फिरली व्हती. तवाच मना कळला, घड्याळ डुप्लिकेट हाय."

"डुप्लिकेट?"

"मंग काय! खऱ्या घड्याळाची रिंग उलटी फिरत नाय. मी म्हटला, शेट्यांनी बायकोला फसवलान. तुमच्याकडं भांडायलाच येनार व्हतो. पन तिला कळला असता. तिनं एवढ्या हौसेनं घेतलान, अब्बांच्यासारखा शोधून. म्हटला, मरू दे, पिशवीत ऱ्हाऊ दे."

म्हणजे दहा दिवस हा माणूस मला चोर समजत होता, आणि बायकोचं मन मोडू नये म्हणून ते गिळून जत्रेतलं घड्याळ बांधून खाली जात होता. मी सगळं सांगून टाकलं. दुबई, दीड तास, स्प्रिंग, डबी, मेहताशेठ. काही लपवलं नाही. शेवटी म्हटलं, "चूक माझी. घड्याळ अस्सल आहे. मीच त्याचं वाटोळं केलं."

त्यांनी मुखवट्यातलं पाणी झटकलं. मग एवढंच म्हणाले, "घड्याळ कशाला पायजे, येवढाच तुमी इचारायचा व्हता."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एका पालथ्या खोक्यावर मी रुमाल अंथरला. रिंग उचकटली. डबीतल्या स्प्रिंगा एकसारख्या दिसतात पण मापं वेगळी. चौथी बरोबर बसली. असली स्प्रिंग बोटातून निसटली की थेट खाडीत. सलीमभाई वाऱ्याच्या बाजूला टॉवेल धरून उभे राहिले. गॅस्केट घातलं, रिंग दोन्ही अंगठ्यांनी दाबली. खट्.

डावीकडे फिरवली. कट, कट, कट. उजवीकडे फिरवली. अडली.

"अडली!" मी ओरडलोच.

धाकूमामा इतका वेळ बघत होते. त्यांनी कानावरची विडी काढली. "ता घड्याळ चांगला असंल. पन मना इचाराल तर विडी बरी. विडी उलटी जळत नाय."

सलीमभाई हसायला लागले. मग मीही.

त्यांना अजून एकदा खाली जायचं होतं. मी जाऊ शकलो असतो, पण पाय निघेना. नवीन टाकी लावून त्यांनी घड्याळ बाहीवरून बांधलं, त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणला आणि खाली गेले. मामांनी विडी पेटवली. मी माझं घड्याळ बघितलं. या वेळी मामांनी दोर ओढायच्या आधीच दोर हलला, आणि डोकं वर आलं. शिडीवरूनच त्यांनी मनगट माझ्यासमोर धरलं. रिंगवर चौतीस मिनिटं. माझ्या घड्याळातही चौतीस. मामांची तिसरी विडी चिमटीत उरली होती.

परतीची होडी कधी सुटली आणि तीत बोकड होता की नव्हता, मला काही आठवत नाही. मी झोपलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी वही काढून एकेका गिऱ्हाइकाला फोन लावले. रिंग परत अडवून देतो, फुकट देतो, घेऊन या. थोडे आले. बाकीच्यांनी मलाच वेड्यात काढलं. "नको हो, मग दुबई कशी बगायची?" त्यांच्या कार्डावर मी लिहून दिलं, हे घड्याळ पाण्यात जाण्यासाठी नाही. एका म्हातारीनं ते वाचून विचारलं, मग भांडी घासताना काढायचं काय?

महिन्याभरानं शमीमबाई आल्या. हातात गॅरंटी कार्ड.

"तुम्ही म्हणाला होतात, शिक्का राहिलाय. पण शिक्का तर आहे."

वर्गात ज्या नजरेनं त्या पोरांकडे बघत असतील त्याच नजरेनं माझ्याकडे बघत होत्या. मी कार्ड घेतलं आणि त्यावर दुसरा शिक्का मारला.

"पहिल्या रविवारी घरी आले तेव्हा ते पिशवीतच होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आवडलं नाही. आता अंघोळीलासुद्धा काढत नाहीत. तुम्ही काय केलंत?"

"काही नाही बाई. मी जे काढलं होतं, ते परत घातलं."

त्यांनी पुढे विचारलं नाही. सलीमभाईंनी त्यांना किती सांगितलं होतं, ते मला आजही माहीत नाही.

धडा म्हणाल तर एवढाच. एखादी वस्तू अडत असेल तर हत्यार उचलण्याआधी ती कोणासाठी अडते ते विचारावं. आता रिंगवालं घड्याळ काढायच्या आधी मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो, "पाण्यासाठी, की दुबईसाठी?" लोक हसतात. इतक्या वर्षांत 'पाण्यासाठी' म्हणणारे दोघेच निघाले. तरी विचारतो.